भोंग्याचा ठावठिकाणा

मोटारीचा हॉर्न नेमका कुठे असतो? आज दहा वाहनमालकांना हा प्रश्न विचारला, तर नऊ जण स्टीअरिंगकडे बोट दाखवतील. तिथे असते ते केवळ बटण. प्रत्यक्ष आवाज करणारे यंत्र तिथून चार-पाच फूट दूर, जाळीच्या आड, धुळीत आणि चिखलात लटकलेले असते आणि बहुतेक मालकांनी ते आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते. या धाग्यात त्या यंत्राच्या जागेचा इतिहास पाहायचा आहे. ही जागा दीडशे वर्षांत अनेकदा हलली. ती हलली तशी त्याची निगा राखणारी माणसेही बदलली, आणि रस्त्यावर कोणी कोणासाठी बाजूला व्हायचे, हा हिशेबही बदलत गेला.

आरंभ इंग्लंडपासून, कारण तिथे तो कायद्याच्या भाषेत नोंदलेला आहे. १८६५ च्या 'लोकोमोटिव्ह अॅक्ट'ने रस्त्यावर धावणाऱ्या वाफेच्या गाड्यांना वेगमर्यादा घातली: गावाबाहेर ताशी ४ मैल, वस्तीत २ मैल. गाडीच्या पुढे किमान ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालायचे, हे कलम प्रसिद्ध आहे. त्याच कायद्यातले दुसरे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. गाडीची शिट्टी कोणत्याही कारणासाठी वाजवायची नाही, अशी त्यात स्पष्ट मनाई होती. घोडे बिथरतात, हे त्यामागचे कारण.

म्हणजे मोटारीच्या पूर्वजाचा पहिला 'भोंगा' हा हाडामांसाचा माणूस होता, आणि त्याची जागा गाडीच्या पुढे सुमारे ५५ मीटरवर होती. इशारा द्यायचा तो यंत्राने नव्हे, माणसाने; तोही समोर जाऊन, चालणाऱ्यांच्या पातळीवर उतरून. यंत्राने मुके राहायचे. रस्ता हा मुळात पायी चालणाऱ्यांचा आणि जनावरांचा असून यंत्र हे तिथे आलेले परके पाहुणे आहे, असे हे कलम गृहीत धरते.

१८७८ च्या दुरुस्तीने हे बंधन सैल झाले आणि १८९६ मध्ये हलक्या मोटारींपुरता हा सारा डोलाराच मोडीत निघाला. नव्या कायद्याने निशाणवाला काढून टाकला आणि त्याच्या जागी एक वस्तू सक्तीची केली: गाडी जवळ येत असल्याची पुरेशी वर्दी देणारी घंटा किंवा तत्सम साधन. एकतीस वर्षांपूर्वी वाजवणे हा गुन्हा होता, आता न वाजवणे हा गुन्हा ठरला.

या उलथापालथीची किंमत लगेचच दिसली. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात, कायदा संमत होऊन तीन दिवसही नीट उलटले नव्हते, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही चव्वेचाळीस वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. सोबत तिची किशोरवयीन मुलगी होती. पेट्रोल मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही ब्रिटनमधली पहिली घटना मानली जाते. चौकशीत चालकाने सांगितले, की आपण घंटी वाजवली होती आणि बाजूला होण्यासाठी ओरडलोही होतो. गाडी ताशी ४ मैलांनीच चालली होती, असाही त्याचा दावा होता. साक्षीदारांचे वेगाविषयीचे म्हणणे वेगळे होते. निकाल अपघाती मृत्यूचा लागला.

त्या जबानीतले 'घंटी वाजवली होती' हे शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने खुणेने वेगळे काढून ठेवावेत असे आहेत. निशाणवाल्याच्या काळात गाडीने कोणाला धडक दिली, तर पहिला प्रश्न गाडीवाल्याला विचारला जाणार. घंटा आल्यावर दुसरा प्रश्न जन्माला आला: ऐकणाऱ्याने काय केले? इशारा दिला, की जबाबदारीचा एक वाटा हवेतून उडून समोरच्याच्या कानात जाऊन पडतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत हॉर्नने जे जे केले, त्याचे बीज इथे आहे.

घंटा फार काळ टिकली नाही. तिच्या जागी आला रबरी फुग्याचा पितळी भोंगा. फुगा दाबला, की आतली हवा एका पातळ पितळी जिभेवरून जाते, जीभ थरथरते आणि कर्णा तो आवाज मोठा करतो. बाजाच्या पेटीत सूर निघतो तो याच तत्त्वावर. फुगा चालकाच्या हाताशी असे. कर्णा कधी फुग्यालाच जोडलेला, तर कधी लवचीक नळीने पुढच्या मडगार्डपर्यंत नेलेला.

या भोंग्याचे सगळे अवयव डोळ्यांसमोर होते, त्यामुळे त्याचे दुखणेही डोळ्यांना दिसे. उन्हाने रबर कडक होऊन चिरे, चिरेतून हवा निसटे आणि आवाज बसे. जिभेवर धुळीचा कण अडकला, की भोंगा घोगरा होई किंवा मुकाच होई. मग कर्ण्याचा गळा उघडायचा, जीभ काढून हलक्या हाताने पुसायची, वाकली असेल तर सरळ करायची, फुगा बदलायचा. या कामाला कारागीर लागत नसे. शिवाय प्रत्येक आवाजासाठी मूठ आवळावी लागे. एका हाताने गाडी सांभाळत दुसऱ्या हाताने सतत भोंगा पिळणे शक्यच नव्हते, त्यामुळे वाजवण्याला शरीरानेच मर्यादा घातली होती.

या भोंग्यांचा स्वर कसा होता, यावर संगीताच्या इतिहासात एक मजेदार वाद झाला आहे. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन याने 'अॅन अमेरिकन इन पॅरिस' या रचनेसाठी पॅरिसच्या टॅक्सीचे चार भोंगे विकत घेऊन नेले. १३ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती रचना प्रथम सादर झाली. स्वरलिपीत त्या भोंग्यांसमोर वर्तुळात ए, बी, सी, डी अशी अक्षरे आहेत. पुढे अनेक दशके वादकांनी ती स्वरांची नावे समजून त्या त्या सुराचे भोंगे जमवले. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवून दिले, की ती केवळ भोंग्यांची क्रमवारी असावी; १९२९ च्या ध्वनिमुद्रणात ऐकू येणारे सूर वेगळेच आहेत. लिखित साधन हाती असताना प्रत्यक्ष आवाजाकडे कान न दिल्याने काय होते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

रबरी फुग्याचा हा भोंगा मोटारीवरून गेला, पण जगातून गेला नाही. गोव्यात सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घेऊन येणारा पदेर आजही तोच वाजवतो. तो आवाज ऐकून माणसे बाजूला होत नाहीत, उलट दाराशी येतात.

यानंतरचे नाव मिलर रीझ हचिसन. हा अमेरिकेतील अलाबामाचा संशोधक. त्याची पहिली कीर्ती मोटारीची नव्हे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवले होते, आणि इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा ही त्याच्या यंत्राची नामांकित लाभार्थी. याच माणसाने १९०८ च्या सुमारास 'क्लॅक्सन' घडवला. लोकांना बहिरे करायचे आणि मग त्यांना श्रवणयंत्र विकायचे, असा हा धंदा असल्याचा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगितला जातो. विनोद कोणाचाही असो, नेम अचूक आहे. क्लॅक्सन हे नावही किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतले होते.

क्लॅक्सनमध्ये हवा नाही आणि जीभही नाही. पोलादाचा एक पातळ पडदा, त्याच्या मधोमध एक टणक बोंड, आणि त्या बोंडावर घासत फिरणारे दातेरी चाक. चाक विजेची छोटी मोटर फिरवते. मोटर वेग घेते तसा आवाज चढतो, बटण सोडल्यावर ती मंदावते तसा उतरतो. जुन्या चित्रपटांत ऐकू येणारा तो 'आऽऽऊगाऽऽ' असा उच्चार त्यातून येतो. हाताने चालवायची आवृत्तीही होती. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायू आल्याची वर्दी देण्यासाठी ती वापरली गेली. लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पादचाऱ्याला हटवणारा आवाज आणि मृत्यू वाऱ्यावरून येत असल्याची घोषणा करणारा आवाज, काही वर्षे एकच होता.

विजेचा हॉर्न आल्यावर त्याची जागा हाताच्या टप्प्यात असण्याची गरज उरली नाही. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या गाड्यांवर फुग्याचा भोंगा असे. पुढे तिला विजेचा हॉर्न मिळाला, तो बॉनेटखाली. त्याला वीज मिळे ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून. त्यामुळे इंजिन जोरात फिरत असेल तर हॉर्न खणखणीत, मंद असेल तर मलूल, आणि बंद असेल तर हॉर्नही बंद. १९२७ च्या अखेरीस आलेल्या 'मॉडेल ए'मध्ये बॅटरी होती. तिचा हॉर्न पुढे डाव्या दिव्याखाली उघड्यावर बसवलेला, बटण स्टीअरिंगच्या मध्यभागी. आज जुन्या मोटारी जतन करणारे लोक या हॉर्नची निगा ज्या पद्धतीने राखतात, ती मुळातलीच आहे: मोटरच्या दांड्याला तेलाचे दोन थेंब, कार्बनचे ब्रश साफ, आणि मागचा स्क्रू किंचित फिरवून दातेरी चाक व पडद्यावरचे बोंड यांच्यातला दाब जुळवणे. दाब जास्त झाला तर मोटर अडते, कमी झाला तर नुसती घरघर.

खरी क्रांती मात्र दिसायला अगदी साध्या यंत्राने केली. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणलेला हॉर्न याच घराण्यातला. यात फिरणारा भागच नाही. तारेचे वेटोळे, लोखंडी गाभा, पडदा आणि दोन छोटे संपर्कबिंदू, ज्यांना आपले ऑटो इलेक्ट्रिशियन 'पॉइंट' म्हणतात. वीज आली, की वेटोळे चुंबक बनून पडद्याला ओढते. पडदा ओढला जाताच पॉइंट उघडतात, वीज तुटते, चुंबकत्व जाते, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा मिटतात. हे एका सेकंदात सुमारे चारशे वेळा घडते आणि तेच आपल्याला एक अखंड सूर म्हणून ऐकू येते. आजच्या बहुसंख्य मोटारींत हेच यंत्र आहे. पुष्कळ गाड्यांत अशी दोन असतात, एक खर्जाचे आणि एक वरच्या पट्टीचे. एक निकामी झाले तरी दुसरे वाजत राहते. आवाज थोडा पोकळ, उथळ होतो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

आता हे यंत्र शोधायचे कुठे? रेडिएटरसमोरची आडवी पट्टी, पुढची जाळी, बंपरच्या आतला कोपरा, दिव्यांच्या मागची पोकळी, या त्याच्या नेहमीच्या जागा. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये दिव्यांखाली दोन्ही बाजूंना लंबगोल जाळ्या असत. हॉर्न फक्त डावीकडच्या जाळीमागे. उजवीकडची केवळ शोभेची. फ्रेंच मोटारींनी तर बटणही हलवले. रेनो-सित्रोएनच्या कित्येक गाड्यांत ते स्टीअरिंगशेजारच्या दांडीच्या टोकाला असे. सोपा उपाय जुनाच आहे: इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने गाडीसमोर, कान जपून, आवाजाचा माग काढावा. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग रिलेची 'टिक', मग हॉर्नला जाणाऱ्या तारेचे गंजलेले टोक आणि चेसिसचा अर्थ, हा तपासाचा क्रम. हॉर्न थेट बॅटरीवर वाजला, तर दोष त्याच्यात नाही, वाटेत कुठेतरी आहे. एअरबॅग आल्यापासून बटणाची तार स्टीअरिंगच्या आत एका गुंडाळलेल्या फितीतून जाते. तिथे घरी हात घालू नये. एअरबॅग फुटण्याचा धोका असतो.

जागा निवडताना अभियंत्यांनी दोन गोष्टी पाहिल्या: आवाज पुढे जावा आणि पाणी आत राहू नये. म्हणून चांगल्या बसवलेल्या हॉर्नचे तोंड किंचित खाली असते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हे महत्त्वाचे. तोंड वर वळलेले असेल, तर चिखलपाणी पडद्यापर्यंत जाते, पॉइंट गंजतात आणि हॉर्न आधी घसा बसल्यासारखा बोलतो, मग गप्प होतो. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा जाळीतून थेट आत मारणाऱ्यांच्या हॉर्नचेही हेच होते. जुन्या हॉर्नमागे एक छोटा स्क्रू असे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीच्या किंवा अॅम्बॅसेडरच्या पिढीतले कारागीर तो पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून कानाने आवाज जुळवत. तंबोऱ्याचा मणी सरकवावा तसेच हे काम. नवे हॉर्न बहुधा बंद करूनच येतात. बिघडला तर दुरुस्त करायचा नाही, बदलायचा.

या साऱ्या सोयींनी एक गोष्ट मुकाट्याने घडली. फुग्याच्या भोंग्याला मूठ लागे. उघड्या मोटारीतल्या क्लॅक्सनचा कर्कश आवाज खुद्द चालकाच्या कानावरही आदळे. बंपरमागचा हॉर्न अंगठ्याच्या दाबाने वाजतो, आणि चालक व आवाज यांच्यामध्ये इंजिन, पत्रा आणि बंद काच असते. वाजवणाऱ्याला तो जवळजवळ फुकट पडला. त्याचा भार पूर्णपणे रस्त्यावर गेला.

शहरांनी याची दखल लवकरच घेतली. न्यूयॉर्कने १९२९ मध्ये गोंगाटाच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि वृत्तपत्रांतून प्रश्नावली छापली. अकरा हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांत मोटारींचे हॉर्न तक्रारींच्या अग्रभागी होते. लंडनमध्ये १९३४ च्या ऑगस्टमध्ये चेअरिंग क्रॉसपासून पाच मैलांच्या परिघात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवण्यास बंदी झाली. तीच वेळ ब्रिटनमधील वस्तीच्या रस्त्यांना आजही लागू आहे. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने १९५४ मध्ये दिवसाही हॉर्नला मनाई केली. टॅक्सीच्या भोंग्यांसाठी संगीतरचनेत अमर झालेले शहर ते हेच.

भारतात कायदे कमी नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ प्रत्येक मोटारीला हॉर्न सक्तीचा करतो आणि त्याच दमात एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे, अवाजवी कर्कश वा भेदरवणारे हॉर्न निषिद्ध ठरवतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवता येत नाही. ट्रकांच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' हे आवतण महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद करायला सांगितले. रंगाऱ्यांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

२०१२ मध्ये ऑडीच्या भारतातील तत्कालीन प्रमुखांनी एक गोष्ट सांगितली होती. युरोपात बसवला जाणारा हॉर्न भारतात एक-दोन आठवड्यांत निकामी होईल. सामान्य जर्मन माणूस वर्षभरात वाजवतो तितका हॉर्न मुंबईत एका दिवसात वाजतो. म्हणून भारतासाठी हॉर्न वेगळा बनवावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. यात विक्रेत्याची अतिशयोक्ती असेलही. तरी पॉइंटचा हिशेब मांडून पाहावा. सेकंदाला चारशे वेळा उघडझाप, म्हणजे एका मिनिटाच्या वाजवण्यात चोवीस हजार वेळा, आणि प्रत्येक वेळी एक सूक्ष्म ठिणगी. धातू झिजणारच. या ठिणग्यांच्या दुसऱ्या टोकाला चौकात तासन्‌तास उभा असलेला वाहतूक पोलीस आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोटारीवरच्या हॉर्नचा आवाज सात मीटरवर ११२ डेसिबलपर्यंत असू शकतो. तो पोलीस मात्र बहुतेकदा सात मीटरपेक्षा जवळ उभा असतो. झिजलेला हॉर्न दुकानात बदलून मिळतो. अतिआवाजाने झिजलेल्या कानातल्या पेशी परत उगवत नाहीत.

मुंबई पोलिसांनी यावर केलेला प्रयोग २०२० च्या जानेवारीअखेरीस जगभर गाजला. काही सिग्नलांना आवाज मोजणारी यंत्रे जोडली. वाट पाहणाऱ्या गाड्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याची उलटगणती पुन्हा पहिल्यापासून सुरू. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे इथे ही यंत्रे बसवली होती. 'पनिशिंग सिग्नल' असे त्याचे नाव. ज्यांनी हॉर्न वाजवला नाही त्यांनाही थांबावे लागे, हा आक्षेप रास्त आहे. पण वाजवण्याची किंमत वाजवणाऱ्याला, काही मिनिटांच्या रूपाने का होईना, पुन्हा मोजायला लावणारी ही दुर्मीळ व्यवस्था होती.

दरम्यान विजेच्या मोटारींनी प्रश्न उलटा केला आहे. कमी वेगात त्यांचा आवाजच येत नाही आणि दृष्टिहीन पादचाऱ्यांना त्यांची चाहूल लागत नाही. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या बनावटीच्या आणि १ जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विद्युत व हायब्रिड मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत आपोआप आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले. त्याची जागाही बहुधा पुढच्या बंपरच्याच आसपास असते. ते वाजवण्यासाठी बटण नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत ते तात्पुरते बंद करण्याची कळ होती, नियमाने तीही काढून टाकली.